साय न धरणारं दूध

दि. ९ फेब्रुवारी, रविवार

प्रिय टिल्लू,

अनेक आशीर्वाद. तुम्ही सगळे मजेत असाल. लेकीचा पुढचा दात आला का? मागच्या फोटोत ती ओठ घट्ट मिटून हसत होती, अगदी तुझ्यासारखी. आम्ही ठीक. तुझ्या दादाला नव्या इमारतीतल्या लिफ्टचं काम मिळालंय, त्यामुळे तो दिवसभर वर-खाली असतो आणि घरी आला की आडवा. माझ्या वर्कशॉपमध्ये गणवेशांची ऑर्डर चालू आहे. तीनशे स्कर्ट, सगळ्यांना सारख्या चुण्या. हल्ली मी स्वप्नातही चुण्याच घालते.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर बोलायचं तर आई घरात असतात. आमच्या स्वयंपाकघराची आणि त्यांच्या खोलीची भिंत इतकी पातळ आहे की मी डबा उघडला तरी कुठला उघडला ते त्यांना कळतं. आज वर्कशॉप बंद आणि किल्ली माझ्याकडे, म्हणून इस्त्रीच्या टेबलावर कागद पसरून बसले आहे.

ठकीचं तुला थोडं माहीत आहे. ऑक्टोबरात ताप आला म्हणून नेलं, तर डॉक्टरबाईंनी घरातल्या सगळ्यांच्या आजारांची चौकशी केली. तुझे बाबा एकोणचाळिसाव्या वर्षी हृदयाच्या झटक्यानं गेले म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि ठकीचं रक्त तपासायला लावलं. कोलेस्टेरॉल मोठ्या माणसाला धडकी भरेल इतकं. आणि पोरगी नऊ वर्षांची, हातपाय काटक्यांसारखे! बाई म्हणाल्या, आधी खाणं बदलून बघू. दूध, दही, चीज, सगळं कमी फॅटचं आणा. धाकटाही आता पाच वर्षांचा आहे, तोही तेच घेईल. एकाच घरात दोघांना दोन तऱ्हा नकोत.

मग आमच्याकडे हिरव्या पाकिटाच्या जागी निळं पाकीट आलं. पहिल्या दिवशी धाकट्यानं पेल्यात डोकावून विचारलं, "हे दूध धुतलंय का?" ठकी नाक दाबून प्यायली. आई पातेल्याशी उभ्या राहून बघत होत्या.

"साय धरत नाही," म्हणाल्या.

"धरणार नाहीच. फॅट कमी आहे ना."

"किती?"

"दीड टक्का. लिहिलंय पाकिटावर."

"लिहिलंय दीड," असं म्हणून त्या आत गेल्या.

"लिहिलंय"वर त्यांनी दिलेला जोर मला तेव्हाच खटकला. एकतीस वर्षं दूध डेअरीच्या लॅबमध्ये दुधातली फॅट मोजणारी बाई. लोकांच्या दुधातलं पाणी पकडण्यात जन्म गेला, त्यांना घरात सायीशिवायचं दूध बघवणार कसं? त्यांच्या चहासाठी अर्धा लिटर हिरवं पाकीट मी चालू ठेवलं आहे. तीच चूक झाली की काय कोण जाणे.

तीन महिन्यांनी परत रक्त तपासलं. आकडा जागचा हललेला नाही. डॉक्टरबाईंनी कागद माझ्याकडे फिरवला. "घरात सगळे पाळतायत ना?" मी म्हटलं, हो. "कुणी लाडानं चोरून देत नाही ना? आजी वगैरे?" मी म्हटलं, नाही हो. पण टिल्लू, त्यातलं "वगैरे" मला ऐकूच आलं नाही. "आजी" तेवढं ऐकू आलं.

त्या दिवसापासून माझं लक्ष आहे. शिवणाचा खडू घेऊन मी दोन्ही पातेल्यांवर बाहेरून बारीक रेघ मारते. तुला हसू येईल. पण ऐक. मुलं शाळेत असताना हिरव्याचं दूध चहापुरतंच उतरतं. निळ्याचं मात्र अर्धा पेला जास्त उतरतं, आठवड्यातून दोनदा तरी. त्या वेळी निळं पिणारं कुणी घरात नसतं. मग जातं कुठे? त्या ओतून देत असतील आणि मुलांच्या पेल्यात दुसरं काही आणून मिसळत असतील, याशिवाय मला काही सुचत नाही. त्यातच मंगळवारी आणि शुक्रवारी अकरा वाजता पिशवी घेऊन "पाय मोकळे करायला" जातात. पाय मोकळे करायला पिशवी कशाला लागते? शेजारच्या बाईंनी त्यांना डेअरीच्या रस्त्याला बघितलंय.

तुझ्या दादाला सांगून उपयोग नाही. तो म्हणतो, "आई असं करणार नाही," आणि कूस बदलतो.

तू जरा सहज म्हणून फोन कर त्यांना. दुधाचा विषय काढ, काय म्हणतात ते बघ. मी लिहिलंय असं कळू देऊ नकोस.

सगळ्यांना आठवण.

तुझी,
वहिनी


दि. २ मार्च, रविवार

प्रिय टिल्लू,

अनेक आशीर्वाद. आई सुखरूप पोचल्याचं तुझ्या दादाकडून कळलं. तिकडे त्यांना बरं वाटत असेल. त्यांची गुडघ्याची गोळी इथेच राहिली, ती याच पाकिटात घातली आहे. सकाळी नाश्त्यानंतर.

काल तू फोनवर फार तोडून बोललीस. "आई काही सांगत नाही, म्हणजे तू नक्की काहीतरी केलं आहेस," असं म्हणालीस. माझी बाजू ऐकायच्या आत फोन ठेवलास. म्हणून लिहिते.

मागच्या रविवारी ठकीचे केस विंचरत होते. ती आपली सहज म्हणाली, "आई, आजी दुधात थेंब टाकायची."

"कसले थेंब?"

"बाटलीतले. तपकिरी बाटलीतले. मग झाकण लावून हलवायची."

मी कंगवा तसाच तिच्या केसांत ठेवून उठले. आई गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेल्या होत्या. मी त्यांचं कपाट उघडलं. हो, उघडलं. खालच्या कप्प्यात, शालीत गुंडाळलेली तपकिरी बाटली मिळाली, वर ड्रॉपर, नावाची चिठ्ठी नाही. झाकण काढलं तर असा भपकारा आला की डोळ्यांतून पाणी आलं. दोन मुलं आहेत गं घरात! पाच वर्षांचा पोरगा दिसेल ते तोंडात घालतो!

आई खाली आल्या. मी बाटली समोर धरली.

"हे काय आहे?"

"नमुना टिकवायचं औषध."

"कसला नमुना?"

"दुधाचा. तपासून घेत होते. मुलांच्या दुधात नाही टाकलं हो, वेगळं काढलेल्यात टाकलं."

"तपासायचं कशाला?"

"आकडा उतरेना म्हणून," म्हणाल्या. एवढंच. जसं काही हे सगळ्यांच्याच घरी चालतं.

आता तूच सांग, हे कुणाला पटेल? निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. दूध सीलबंद पाकिटातलं. चोरून पिशव्या नेणं, चोरून बाटल्या ठेवणं, आणि विचारलं तर नमुना! खरंच तपासत होत्या तर मला का नाही सांगितलं? सांगण्यासारखं नव्हतं म्हणूनच ना?

त्यावर चार शब्द वरखाली झाले. कुठल्या घरात होत नाहीत? तुझा दादा तिथेच होता, एका पायात बूट घालून उभा. त्यानं काही ऐकलं असेल तर त्याला विचार. मी कुणाला घराबाहेर जा असं म्हटलेलं नाही. त्यांनी आपण होऊन बॅग काढली.

तू म्हणतेस, आई तुझ्या लेकीला दूधही हातानं देत नाहीत, पेला टेबलावर ठेवतात आणि बाजूला होतात. त्याचा माझ्याशी काय संबंध? मला विचारशील तर मनात काहीतरी खात असल्याशिवाय माणूस असं वागत नाही.

इथे मी आता कुणावरच विश्वास ठेवत नाही. शाळेच्या कॅन्टीनवाल्याला जाऊन भेटले, तो म्हणाला, "बाई, तुमची मुलगी घरच्या डब्याशिवाय काही खात नाही." शेजारच्या बाईंना सांगून ठेवलंय, हिला काही देऊ नका. मी स्वतः म्हणशील तर शनिवारी चित्रकलेच्या क्लासवरून येताना कधीतरी चमचाभर काही, ते काही धरण्यासारखं नाही. पोरीच्या स्कर्टची कंबर मी दोनदा आत घेतली आहे, टिल्लू. तीनशे पोरींची मापं माझ्या हातून जातात, त्यांत सगळ्यांत लहान माप माझ्या पोरीचं. ते कुणाला दिसत नाही.

असो. दीड महिन्यानं पुन्हा रक्त तपासायचंय. आई आता इथे नाहीत. आकडा उतरला की कोण खरं बोलत होतं ते आपोआप कळेल. तेव्हा मला फोन कर.

धाकटा रोज विचारतो, आजी कधी येणार. मी सांगते, आत्याकडे राहायला गेली आहे.

वहिनी


दि. २० एप्रिल, रविवार

प्रिय टिल्लू,

अनेक आशीर्वाद. तू माझे फोन घेत नाहीस, म्हणून पुन्हा पत्र. हेही फाडून टाकावंसं वाटेल, पण एवढा एक परिच्छेद वाच आणि मग काय ते कर. तू आणि तुझी लेक, दोघींनी या आठवड्यात रक्त तपासून घ्या. कोलेस्टेरॉलसाठी म्हणून सांग, आणि बाबा कितव्या वर्षी गेले ते डॉक्टरांना आवर्जून सांग. तुझ्या दादाचा आकडा ठकीपेक्षाही वर निघाला. त्याची गोळी सोमवारपासून सुरू झाली. हे बाबांकडून रक्तातूनच आलं आहे. तू आता छत्तीस वर्षांची आहेस. उशीर करू नकोस.

आता बाकीचं. माझी इच्छा असती तर हे मी कधीच लिहिलं नसतं.

आई गेल्यावर दीड महिना मी काटेकोर पाळलं. कमी फॅटचं दूध, कमी फॅटचं दही, चीज तर बंदच. शनिवारही बंद. पुन्हा रक्त दिलं. आकडा उतरला तो अगदी नखाएवढा. मी डॉक्टरबाईंच्या समोर बसून म्हटलं, "आता तर आजीसुद्धा घरात नाही हो." त्यांनी फाइल मिटली. मग म्हणाल्या, "अहो, खाणं सांभाळायचं ते सांभाळायचंच. पण हिचं यकृतच रक्तातलं कोलेस्टेरॉल काढून टाकत नाही, जन्मापासून. नुसत्या दुधानं हे इतकं चढत नाही आणि नुसत्या दुधानं उतरणारही नाही. हिला औषध लागेल. मी घाईत काहीतरी बोलून गेले असेन, पण तुम्ही आजीला कशाला दोष देताय?"

मी विचारलं, "आणि हिचे आजोबा? त्यांना कुणी साय, लोणी खाऊ घातलं नसतं तर?"

"फार फरक पडला नसता. त्यांना तेव्हा निदान हवं होतं, औषध हवं होतं. यात जेवायला वाढणारीचा काय दोष?"

मी हे का विचारलं, ते आता सांगते.

त्या दिवशी चार शब्द वरखाली झाले असं मी तुला लिहिलं होतं. चार नव्हते. एकच वाक्य होतं. बाटली हातात धरून मी आईंना म्हटलं, "नवऱ्याला साय चारून मारलंत, आता नातीला मारायचंय का?"

हे लिहायला मला तीन कागद लागले.

आई धाकट्याच्या बनियनची घडी घालत होत्या. घडी पूर्ण केली. "बरं," म्हणाल्या आणि माळ्यावरची बॅग काढायला स्टूल ओढलं. तुझ्या दादानं बूट काढून बॅग खाली घेतली आणि पुन्हा बूट घातला.  दारात त्या वळल्या तेव्हा मला वाटलं आता शिव्या देतील, द्याव्यात असंही वाटलं. तर म्हणाल्या, "धाकट्याच्या वहीला कव्हर घालायचं राहिलंय. उद्या शाळेत मागतील."

आणि शनिवारचं. कधीतरी चमचाभर, असं मी तुला लिहिलं होतं. तेही खोटं. डिसेंबरपासून दर शनिवारी मी ठकीला क्लासवरून आणताना कोपऱ्यावरच्या दुकानात नेत होते. मोठा कप आइस्क्रीम, कधी चीजचं सँडविच, लोण्यात भाजलेलं. पोरगी इतकी आनंदानं खायची! मी म्हणायचे, आपल्या दोघींचं गुपित हं. आठवड्यातून एकदा, त्यानं काय होतंय? आणि मग आकडा उतरला नाही तेव्हा मी हिशेब केला की माझ्या एका कपानं एवढं होणार नाही, म्हणजे नक्की दुसरं कुणीतरी रोज देत असणार. तू म्हणशील, असा हिशेब कोण करतं? मी केला. त्यावर माझा पूर्ण विश्वास बसला होता. 

मागच्या आठवड्यात दारावर एक म्हातारे गृहस्थ आले. डेअरीच्या लॅबमध्ये आईंच्या हाताखाली होते, अजून तिथेच आहेत. हातात रिकाम्या बाटल्यांची पिशवी आणि एक कागद. "बाई आहेत का? डॉक्टरांना दाखवायला हा रिपोर्ट मागितला होता त्यांनी. माझ्याकडून उशीर झाला." मी सांगितलं, लेकीकडे गेल्या आहेत. त्यांना आत बसवलं, चहा केला. कागदावर सात नमुने होते. सगळे दीड टक्क्याच्या आसपास. दूध अगदी लिहिल्याप्रमाणे होतं.

"शेवटचा नमुना फेब्रुवारीच्या मध्यात आला," ते म्हणाले. "बाईंना वाटायचं, पाकिटात भलतंच दूध भरत असतील. रिकामा संशय नको, तपासून बघू म्हणाल्या. खात्री होईपर्यंत सुनेला घाबरवायचं नाही. ती औषधाची बाटली घरात ठेवू नका असं मी बजावलं होतं हां त्यांना, ते काही बरोबर नव्हतं. तर सातही नमुने चांगले निघाले तेव्हा म्हणाल्या, मग पोरीच्या पोटात कुठून जातंय ते मला कळलं."

"कुठून?" मी विचारलं. 

"ते नाही सांगितलं. म्हणाल्या, ते मी बोलायचं नाही. सुनेला पोर वाळलेली बघवत नाही. मलाही तेव्हा ह्यांचं ताट कोरडं बघवत नव्हतं."

चहा संपवून ते उठले. जाताना म्हणाले, "तुमचे सासरे गेले ना, त्यानंतर बाईंनी लॅबमधलं उरलेलं दूध कधी घरी नेलं नाही. आम्ही सगळे न्यायचो. आधी त्याच सगळ्यांत जास्त न्यायच्या, ह्यांना दुधाची फार आवड म्हणून."

ते गेल्यावर मी ठकीला जवळ घेतलं. "आजीला शनिवारचं सांगितलं होतंस?"

"नाही. तूच नको म्हणाली होतीस."

"मग तिला कसं कळलं?"

"माझ्या फ्रॉकवर डाग पडायचे ना, आइस्क्रीमचे. तू बघायच्या आत आजी धुऊन टाकायची." मग म्हणाली, "दर शनिवारी."

टिल्लू, त्या दिवशी बाटली समोर धरली तेव्हा आईंना एका वाक्यात मला गप्प करता आलं असतं. तुझ्या दादासमोर, पोरीसमोर. त्यांनी "बरं" म्हटलं. माझी चूक झाकायला म्हटलं असं मला आधी वाटलं. आता वाटतं, मी जे बोलले ते त्या स्वतःलाच रोज म्हणत आल्या आहेत, म्हणून त्यांना उलट बोलता आलं नाही. तुझ्या लेकीला त्या हातानं पेला का देत नाहीत, तेही आता कळलं. आणि मी त्यावरही तुला काय लिहिलं होतं, ते तुझ्याजवळ असेलच.

बाबा गेले तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. तुला हे माहीत होतं का? आईंनी कधी बोलून दाखवलं होतं का? मला आता तुझ्यावरही संशय यायला लागलाय बघ, की तुला सगळं ठाऊक होतं आणि तू माझी वाट बघत होतीस. नसेल तसं. सवय लागली की सुटत नाही.

तुझ्या दादाला मी काल सगळं सांगितलं.  तो म्हणाला, "मी तेव्हा बूट घातला." एवढंच म्हणाला. गुरुवारी रजा घेतोय, धाकट्याला सांभाळायला.

गुरुवारी सकाळच्या गाडीनं मी आणि ठकी येतोय. डॉक्टरबाई जे म्हणाल्या ते मला आईंना माझ्या तोंडानं सांगायचंय. तेवढं तू आधी सांगू नकोस, एवढी एकच विनंती. बाकी हे पत्र त्यांना वाचून दाखवलंस तरी चालेल, शनिवारसकट, त्या वाक्यासकट. घरी चला, असं मी म्हणणार नाही. तो अधिकार मला राहिलेला नाही. त्यांनी कुठे राहायचं ते त्यांनी ठरवावं. पण बाबांना त्यांनी मारलं नाही, हे त्यांना अजून कुणीही सांगितलेलं नाही, टिल्लू. तीस वर्षांत कुणीही नाही. पोरीचं रक्त काढेपर्यंत आपल्यापैकी कुणाला विचारावंसंही वाटलं नाही.

दार लावून घेतलंस तर मी जिन्यात बसेन. ठकीला तेवढं आत घे.

तुझी वहिनी,
आणि त्या म्हणतील तर, त्यांची सून